म्युनिकहून पहिली तळ्याची सहल: नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांसाठी

जून उजाडला की म्युनिकमधल्या विद्यार्थी वसतिगृहांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक छोटासा मेसेज पडतो: "शनिवारी झे?" झे म्हणजे जर्मनमध्ये सरोवर. तासाभरात नऊ जण 'हो' म्हणतात. त्यात तुम्ही असता, वर्गातली इटालियन मुलगी असते, दोन तुर्की मित्र, एखादा व्हिएतनामी शेजारी. मग कोळसा कोण आणणार, स्पीकर कोणाचा, बिअर किती, यावर चाळीस मेसेज होतात. कोणाकोणाला पोहता येतं, हे मात्र कुणीच विचारत नाही.

मी इथे दोन वर्षं शिकले आणि त्या काळात अशा पंधरा-वीस सहली केल्या असतील. पहिल्या सहलीत आमच्यातला एक जण कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून गप्पा मारत होता. "येतं की थोडंफार पोहायला," असं त्याने सकाळी सांगितलं होतं. बोलता बोलता तो दोन पावलं मागे सरकला आणि दिसेनासा झाला. हाक नाही, आरडाओरडा नाही. एक मैत्रीण हाताच्या अंतरावर होती, तिने दंड धरून ओढलं म्हणून तो वर आला. बाकीचे आम्ही सगळे तिकडेच बघत होतो आणि आम्हाला वाटलं, त्याने मजेत बुडी मारली.

म्हणून या लेखातली पहिली पायरी तिकिटाची नाही.

पहिली पायरी: पोहण्याबद्दल खरं विचारा

"पोहता येतं का?" या प्रश्नाला आपल्याकडची बहुतेक मुलं-मुली "हो" म्हणतात. सोसायटीच्या टँकमध्ये दोन उन्हाळे डुंबलेले असतात, कोकणात समुद्रात गुडघाभर गेलेले असतात. शिवाय चार देशांची मंडळी समोर असताना "नाही" म्हणायला संकोच वाटतो. तेव्हा प्रश्न बदला. "पाय टेकत नाहीत अशा पाण्यात, कशालाही न धरता, पंधरा मिनिटं पोहू शकशील का?" इथल्या मुलांना शाळेच्या वयात जे 'ब्राँझ' पोहण्याचं पदक मिळतं, त्याची अट साधारण तीच आहे: 15 मिनिटांत किमान 200 मीटर, एक मीटर उंचीवरून उडी, आणि दोन मीटर खोल बुडी मारून वस्तू वर आणणं. जर्मन जीवरक्षक संघटना या पदकापासून पुढेच माणसाला 'पोहता येणारा' मानतात. त्याआधीचं 'झेफेर्डखन', म्हणजे समुद्रघोडा, हे छोट्यांचं पदक फक्त सुरुवात समजली जाते.

प्रश्न ग्रुपवर विचारू नका, एकेकाला वेगळा मेसेज करा. आणि आधी स्वतःचं सांगा. "मला विहिरीतलं पोहणं येतं, पण थंड पाण्यात दम लागतो," असं मी लिहायचे, मग समोरचाही मोकळेपणाने लिहायचा. मी शिकले सातारा जिल्ह्यात, आजोळच्या विहिरीत. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून मामाने ढकललं होतं. त्या पोहण्याचा मला अभिमान आहे, पण विहिरीत कुठूनही चार हात मारले की काठ लागतो. सरोवरात काठ मागे राहतो तो राहतोच.

मग जे कळेल त्यावर बेत ठरवा. नऊपैकी तिघांना येत नसेल, तर सहल त्या तिघांच्या सोयीची व्हायला हवी: उथळ काठ, पहारा असलेली जागा, सावली, चालायला वाट. पोहणाऱ्यांचं त्यात काहीच बिघडत नाही.

दुसरी पायरी: तळं निवडा

म्युनिकच्या दक्षिणेला तासाभराच्या अंतरात इतकी सरोवरं आहेत की पहिल्या वर्षी डोकं चक्रावतं. आपल्या डोळ्यांना 'तलाव' म्हणजे धरणाचं पाणी. कोयना, पवना, भंडारदरा. ही तळी मात्र हिमयुगात हिमनद्यांनी कोरलेली आहेत. श्टार्नबेर्गर झेमधून वुर्म नावाची एक नदी निघते आणि आल्प्समधल्या शेवटच्या हिमयुगाला भूगर्भशास्त्रज्ञांनी तिचंच नाव दिलं: वुर्म हिमयुग. हे सरोवरही 1962 पर्यंत वुर्मझे म्हणूनच ओळखलं जायचं. हिमनदीने खरवडलेला हा लांबट चर आहे, सर्वांत खोल जागी सुमारे 127 मीटर. काठाजवळ काही पावलं उथळ गोट्यांची, आणि मग अनेक ठिकाणी तळ एकदम खाली जातो. आमचा मित्र दोन पावलांत नाहीसा झाला तो म्हणूनच.

पहिल्या सहलीसाठी मी श्टार्नबेर्गर झेच्या पश्चिम काठावरचं पोस्सेनहोफेन सुचवेन. म्युनिकच्या मध्यातून एस 6 ही एस-बान, म्हणजे उपनगरी गाडी पकडली की पाऊण तासाच्या आसपास तिथे उतरता येतं. स्टेशनातून थोडं चाललं की 'पाराडीस' नावाचं मोठं गवताळ कुरण लागतं, प्रवेशाला पैसे नाहीत, झाडांची दाट सावली आहे. नावाप्रमाणे स्वर्ग म्हणणार नाही, कारण उन्हाच्या शनिवारी दुपारी बारानंतर टॉवेल पसरायला जागा राहत नाही. दहापर्यंत पोहोचा. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी झालेल्या एलिझाबेथचं, म्हणजे 'सिसी'चं बालपण याच गावातल्या वाड्यात गेलं. समोरच्या काठावर बेर्ग गावाजवळ पाण्यात एक क्रॉस उभा आहे. नॉयश्वानस्टाइनचा किल्ला बांधणारा राजा दुसरा लुडविग 13 जून 1886 रोजी तिथे मृत सापडला, सोबत त्याचे डॉक्टरही. पाणी उथळ होतं आणि राजा चांगला पोहणारा होता, त्यामुळे लोक अजून वाद घालतात.

दुसरा चांगला पर्याय आमरझे. एस 8 च्या शेवटच्या स्टेशनवर, हेर्शिंगला उतरायचं. गाडीत झोप लागली तरी स्टेशन चुकत नाही. पाण्यालगत लांबच लांब चालायची वाट आहे, चाकाच्या जुन्या धाटणीच्या बोटी पलीकडच्या डीसनला जातात, आणि कीनटाल नावाच्या रानातल्या घळीतून चढत गेलं की सव्वा तासात आंडेक्सच्या मठात पोहोचता येतं. तिथले साधू शतकानुशतकं बिअर गाळत आले आहेत. गटात न पोहणारे जास्त असतील तर मी आमरझे निवडते. सकाळी मठ, दुपारी काठ, सगळ्यांचा दिवस भरतो.

टेगर्नझे सुंदर आहे, पण तिथल्या गाडीची एक गंमत आधी माहीत हवी. म्युनिकहून निघणारी ती गाडी वाटेत होल्त्सकिर्खन आणि शाफ्टलाखला तुटते, तुकडे वेगवेगळ्या गावांना जातात. डब्यावरची पाटी वाचूनच बसा. गप्पांच्या नादात निम्मी मंडळी पुढच्या डब्यात गेली, तर ती वेगळ्याच डोंगरात उतरतात.

वाल्खनझे, आयबझे, क्योनिग्सझे: इन्स्टाग्रामवर दिसणारं हिरवंनिळं पाणी ते हेच. जा, नक्की जा, पण पहिल्या सहलीत नाही. वाल्खनझे आणि क्योनिग्सझे सुमारे 190 मीटर खोल आहेत, पाणी जुलैतही बोचतं, आणि शनिवारी बसला लोंबकळावं लागतं. क्योनिग्सझेच्या वर, धबधब्याच्या माथ्यावर दगडातलं एक नैसर्गिक कुंड आहे. फोटोंमुळे ते जगभर प्रसिद्ध झालं. 2019 मध्ये तिथे दोन तरुण बुडाले, आणि 2021 मध्ये प्रशासनाने तिथे जायला बंदी घातली. फोटो अजून फिरतात. कुणी ग्रुपवर टाकला तर तुम्ही हे सांगा.

तिसरी पायरी: तिकीट

डॉइचलँड-तिकीट, म्हणजे देशभर चालणारं महिन्याचं तिकीट, असेल तर प्रश्नच नाही. 1 मे 2023 ला ते 49 युरोंना सुरू झालं, 2025 पासून 58 आणि 2026 पासून 63 युरो झालं. विद्यार्थ्यांना बहुतेक ठिकाणी सवलतीत मिळतं, तुमच्या विद्यापीठाच्या पानावर पाहा. एस-बान, उ-बान (भुयारी मेट्रो), ट्राम, बस, प्रादेशिक गाड्या सगळ्यांत चालतं. आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांमध्ये चालत नाही. तिकीट तुमच्या नावाचं असतं, म्हणून ओळखपत्र जवळ हवं. सरोवरातल्या बोटीचं तिकीट वेगळं काढावं लागतं.

ज्यांच्याकडे ते नाही त्यांनी मिळून एका दिवसाचं बायर्न-तिकीट घ्या. बायर्न म्हणजे बव्हेरिया, म्युनिक ज्या राज्यात आहे ते. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत जातात, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत चालतं. आठवड्याच्या इतर दिवशी सकाळी नऊनंतरच. तिकिटावर प्रत्येकाचं नाव लिहायचं असतं, हे नवी मंडळी हमखास विसरतात. विनातिकीट सापडलात तर 60 युरो, आणि "मी विद्यार्थी, मला माहीत नव्हतं" हे तपासनीस ऐकून घेत नाही.

निघायच्या आदल्या रात्री ॲपमध्ये गाडी पुन्हा तपासा. शनिवार-रविवारीच रुळांची कामं निघतात आणि गाडीऐवजी बदली बस धावते. जर्मनमध्ये तिचं नाव भलंमोठं आहे, पण पाटीवर फक्त 'एस ई व्ही' ही तीन अक्षरं शोधा. बस स्टेशनच्या नेमक्या कुठल्या बाजूला उभी राहते, ते आधी बघून ठेवा.

चौथी पायरी: डबा

सहल रविवारी असेल तर खरेदी शनिवारी संध्याकाळी आठच्या आत. बायर्नमध्ये रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या रेल्वे स्टेशनांतली काही दुकानं आणि सकाळी थोडा वेळ उघडणाऱ्या बेकऱ्या सोडल्या तर. नव्या माणसाचा पहिला रविवार रिकाम्या फ्रीजसमोर जातो, तेव्हा त्याला हे कळतं.

तुम्ही काय न्यावं? दशम्या. दुधात भिजवलेल्या, त्या दिवसभर मऊ राहतात. नाहीतर धपाटे आणि घट्ट दही. घरून आलेली भाजणी शिल्लक असेल तर थालीपीठं, पण गार झाल्यावर ती जरा कडक होतात, लोण्याचा हात सढळ ठेवा. शेंगदाण्याची चटणी न्यायच्या आधी सगळ्यांना विचारा, कारण शेंगदाण्याची ॲलर्जी इथे अनेकांना असते आणि ती साधी खाज नसते, श्वास कोंडू शकतो. मी तिळाची चटणी न्यायला लागले, तर तिळाची ॲलर्जी असलेली एक मुलगी निघाली. शेवटी लसणाची, सुक्या खोबऱ्याची. तीही विचारूनच. दडपे पोहे मला फार आवडतात, पण ओलं खोबरं उन्हात तासाभरात आंबतं. ते घरीच खा.

शाकाहारी असाल तर एक लक्षात ठेवा. रंगीत रबरासारख्या गोळ्या, ज्या प्रत्येक सहलीत फिरतात, त्यांत बहुधा जिलेटिन असतं आणि ते अनेकदा डुकराचं असतं. पाकिटावर 'व्हेगन' लिहिलेल्याही मिळतात.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे, कारण ती कळली त्या दिवशी मला हे गाव आपलं वाटलं. बायर्नच्या पारंपरिक बिअरगार्डनमध्ये तुम्ही स्वतःचा डबा नेऊन खाऊ शकता. पेय तिथलं घ्यायचं, जेवण तुमचं. 1812 मध्ये राजा माक्सिमिलियानने दारू गाळणाऱ्यांना तळघरांसमोर बिअर विकायची परवानगी दिली, पण जेवण विकायची नाही. तेव्हा लोक घरून शिदोरी आणू लागले, आणि ती रीत टिकली. टेबलावर कापड अंथरलेलं असेल तर ते वाढपी येणारं टेबल, तिथे डबा उघडू नका. लाकडी उघडं टेबल असेल तर बिनधास्त. सरोवराच्या काठच्या अशाच एका बागेत, चेस्टनटच्या झाडाखाली आम्ही धपाटे काढले, आणि शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी मुळ्याच्या पातळ चकत्या आमच्याकडे सरकवल्या. आम्ही त्यांना धपाटा दिला. बिअर न पिणाऱ्यांसाठी सफरचंदाच्या रसात सोडा घातलेलं 'आपफेलशोर्ले' असतं, तहानेला त्याच्यासारखं काही नाही.

पाचवी पायरी: पिशवी

टॉवेल दोन, एक बसायला, एक अंग पुसायला. पाण्यात घालायच्या चपला, कारण काठ गोट्यांचा आणि शिंपल्यांचा असतो. सनक्रीम, टोपी. पातळ लोकरी किंवा फ्लीसचा स्वेटर, जुलैतही. सूर्य कलला की वारा सुटतो. पाणी दीड लिटर माणशी. राहण्याच्या परवान्याचं कार्ड. रोख वीसेक युरो, कारण छोट्या टपरीवर कार्ड चालेलच असं नाही. कचऱ्याची पिशवी.

पाण्यात सुती कपडे घालून उतरू नका. भिजलेली जीन्स आणि टीशर्ट अंगाला ओढतात, दमवतात, आणि बाहेर आल्यावर थंडी भरते. मुलींनो, अंग झाकून पोहायचं असेल तर पोहण्याच्या कापडाच्या पूर्ण लांबीच्या लेगिंग आणि बाह्यांचे टॉप क्रीडासाहित्याच्या दुकानात मिळतात. कुणी वळूनही बघत नाही. कपडे बदलायची खोली बहुतेक काठांवर नसते, मोठ्या टॉवेलच्या आडच बदलायचं. पाठीवरून घालायचा टॉवेलचा झगा मिळतो, तो घ्याच.

सहावी पायरी: काठावर

तुम्ही येऊन बसू शकता, हा तुमचा हक्क आहे. बायर्नच्या राज्यघटनेचं 141 वं कलम निसर्गाचा आनंद घ्यायचा, रानात फिरायचा, पाण्यात होडी न्यायचा, एवढंच काय, रानातली फळं बेताने तोडून खायचाही अधिकार प्रत्येकाला देतं. आणि सरोवरांच्या वाटा मोकळ्या ठेवणं हे सरकारचं कर्तव्य मानतं. तरी काठाचा बराच भाग बंगल्यांनी अडवलेला आहे. 'प्रिव्हाट' अशी पाटी दिसली तर पुढे चला, मोकळा काठ लागतोच.

जागा निवडताना वासरवाख्टची चौकी शोधा. बायर्नच्या रेडक्रॉसची ही जलरक्षक शाखा, स्वयंसेवक असतात, शनिवार-रविवारी हजर असतात. त्यांच्या नजरेच्या टप्प्यात टॉवेल टाका. आल्या आल्या जाऊन "आमच्यात तिघांना पोहता येत नाही, कुठली बाजू उथळ आहे?" असं विचारायला लाजू नका. मी विचारलं तेव्हा त्यातल्या एका मावशींनी काठावर येऊन बोटाने दाखवलं: हा दगड ते तो ओंडका, त्याच्यापुढे नाही.

काही काठांवर लोक विवस्त्र असतात. 'एफ के के' अशी पाटी असते, कधी नसतेही. इथे ती शंभर वर्षांहून जुनी रीत आहे, तिचा तुमच्याशी काही संबंध नाही. टक लावून बघू नका, आणि त्या दिशेला फोन धरू नका. फोटोच्या मागे चुकून आलेला माणूसही इथे हरकत घेऊ शकतो, आणि ती रास्त असते.

कोळशाची शेगडी जिथे पाटी परवानगी देते तिथेच. रानापासून 100 मीटरच्या आत परवानगीशिवाय विस्तव पेटवणं बायर्नमध्ये बेकायदा आहे, आणि 1 मार्च ते 31 ऑक्टोबर रानात सिगारेटही चालत नाही. पेटवलीत तर शाकाहारी मंडळींसाठी अर्धी जाळी मोकळी ठेवा, नाहीतर वेगळा फॉइलचा ट्रे. पनीर, मक्याचं कणीस, 'ग्रिलकेझे' नावाचं न वितळणारं चीज. मी मीठ-तिखट-लिंबाचं कणीस भाजून दिलं की सगळा गट माझ्याभोवती यायचा.

सातवी पायरी: पाण्यात

मे-जूनमध्ये हवा 28 अंश आणि पाणी 16 असं सहज असतं. उन्हात तापलेलं अंग घेऊन उडी मारली की छाती आवळते, श्वास आपोआप आत ओढला जातो, आणि तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जातं. चांगले पोहणारेही असेच बुडतात. म्हणून आधी पाय, मग हात, मान, छाती ओली करा. हळूहळू उतरा. श्वास संथ होईपर्यंत थांबा. ऑगस्टमध्ये वरचं पाणी कोमट असतं, पण दोन-तीन मीटर खाली पाय गेला की तिथे अजून वसंत ऋतू असतो.

न पोहणाऱ्यांनी पाण्याकडे पाठ करून मागे सरकू नये. काठाकडे तोंड करून मागे मागे गेलात तर प्रत्येक पाऊल घसरत्या तळाकडे पडतं आणि कळत नाही. आत जाताना समोर बघत, पाय चाचपत जा; छातीपर्यंत पाणी आलं की वळा. प्रत्येक न पोहणाऱ्यासोबत एक पोहणारा, हाताच्या अंतरावर, त्या वेळी दुसरं काही न करणारा. आम्ही अर्ध्या अर्ध्या तासाच्या पाळ्या लावायचो, फोन काठावरच्या माणसाकडे द्यायचो.

हवेची गादी, फुगवलेला फ्लेमिंगो, टायर यांच्यावर न पोहणाऱ्याला बसवून आत ढकलू नका. वारा काठाकडून सुटला तर ती गादी अर्ध्या तासात मैदानाएवढी दूर जाते. आणि दारू प्यायलेल्या माणसाने त्या दिवशी पाण्यात उतरू नये. यावर मी कधीच तडजोड केली नाही. बिअर संध्याकाळी, टॉवेल वाळत घातल्यावर.

पायडलची होडी भाड्याने घेतलीत तर देणाऱ्याकडे माणशी जॅकेट मागा. दोन प्रकार असतात. 'श्विमवेस्टे' नुसतं तरंगवतं. 'रेटुंग्सवेस्टे' बेशुद्ध माणसाला उताणं करून तोंड पाण्यावर ठेवतं. न पोहणाऱ्याला दुसरंच हवं. होडीतून मध्ये उडी मारायचा मोह होतो. सगळ्यांनी एकदम मारू नका, रिकामी होडी वाऱ्याने पोहणाऱ्यापेक्षा वेगाने सरकते.

काठावर खांबावर केशरी दिवा दिसेल. तो मिनिटाला साधारण 40 वेळा लुकलुकला तर जोराचा वारा येऊ शकतो, काठाजवळ या. 90 वेळा लुकलुकला तर वादळ येतंय, ताबडतोब बाहेर. आल्प्सकडून ढग यायला वीस मिनिटंही लागत नाहीत. उन्हाळी दुपारी चारच्या सुमारास दक्षिणेकडे डोंगर काळे दिसू लागले, तर दिव्याचीही वाट बघू नका. झाडाखाली उभे राहू नका, पक्क्या इमारतीत जा.

कुणी बुडतंय असं वाटलं तर: बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही. डोकं मागे झुकलेलं, तोंड पाण्याच्या पातळीवर, हात बाजूला दाबल्यासारखे, जणू शिडी चढतोय. "ठीक आहेस ना?" असं मोठ्याने विचारा. उत्तर आलं नाही तर 112 ला फोन करायला एकाला नाव घेऊन सांगा, नुसतं "कुणीतरी करा" म्हणू नका. चौकीकडे दुसऱ्याला पळवा. तरंगणारं काहीही फेका: जीव वाचवायचं लाल कडं, रिकामी मोठी बाटली, चेंडू. स्वतः उडी मारू नका. घाबरलेला माणूस मिठी मारतो आणि दोघंही जातात. 112 वर इंग्रजीत बोललं तरी बहुधा चालतं. गाव, काठाचं नाव आणि जवळचं ठळक काही सांगा. बाहेर काढल्यावर श्वास नसेल तर आधी पाच वेळा तोंडाने श्वास द्या, मग छाती 30 वेळा दाबणं आणि दोन श्वास, मदत येईपर्यंत.

मुक्काम करायचा असेल तर

काठावर तंबू ठोकून झोपायला परवानगी नसते, रात्री पोलीस उठवतात. पोस्सेनहोफेनला युवा वसतिगृह आहे. त्यासाठी संघटनेचं सदस्यत्व लागतं, ते आधी घ्या, आणि उन्हाळ्यातली जागा एप्रिलमध्येच धरा. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. स्पीकर बंद म्हणजे बंद.

परतताना

बाटल्या फेकू नका. पातळ प्लास्टिकची बाटली किंवा कॅन परत दिला की 25 सेंट, काचेच्या बिअरच्या बाटलीचे 8, पुन्हा भरायच्या बहुतेक इतर बाटल्यांचे 15. नऊ जणांच्या सहलीतून सहज चार-पाच युरो निघतात. नको असतील तर बाटल्या कचऱ्याच्या डब्याच्या आत न टाकता बाहेर कडेला उभ्या ठेवा, त्या गोळा करून गुजराण करणारी माणसं असतात, त्यांना हात घालावा लागत नाही.

हिशोब त्याच रात्री मिटवा. ज्याने बिअर प्यायली नाही त्याच्या वाट्यात बिअर घालू नका.

ज्यांनी सकाळी "मला येत नाही" असं खरं सांगितलं, त्यांच्यासाठी गाडीत बसल्या बसल्या एक काम आहे. म्युनिकच्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठांचं सामाईक क्रीडा केंद्र आहे, 'त्सेट हा एस' (ZHS). तिथे दर सत्रात मोठ्या माणसांसाठी पोहण्याचे नवशिक्यांचे वर्ग असतात, फी विद्यार्थ्याला झेपेल अशी. नोंदणी उघडल्या उघडल्या जागा भरतात, म्हणून तारीख फोनमध्ये टाकून ठेवा. केंद्र ऑलिम्पिक पार्कात आहे. शेजारच्या तरणतलावात 1972 साली मार्क स्पिट्झने सात सुवर्णपदकं घेतली, आणि आज तिकीट काढून तिथे कुणीही पोहू शकतं. आमचा तो मित्र ऑक्टोबरमध्ये वर्गाला गेला. पुढच्या जूनमध्ये पाळीच्या यादीत त्याचं नाव पोहणाऱ्यांच्या बाजूला होतं.

घरी आल्यावर अंघोळीआधी अंग नीट तपासा: गुडघ्यामागे, काखेत, मांडीच्या सांध्यात, केसांच्या कडेला. इथल्या गवतात गोचीड असतात, तिळाएवढे. आपल्याकडे गुरांना होणारे, पण इथले माणसाला धरतात आणि मेंदूला सूज आणणारा आजार देऊ शकतात. बायर्नचा जवळजवळ सगळा भाग त्या आजाराच्या धोक्याच्या यादीत आहे. त्यावर तीन डोसांची लस आहे, विमा सहसा खर्च देतो; पहिल्याच हिवाळ्यात डॉक्टरांकडे जाऊन सुरू करा, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत दोन डोस होतात. गोचीड दिसला तर तेल, गोंद काही लावू नका. बारीक चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ, सावकाश ओढा. चावल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल कडं वाढताना दिसलं, तर त्याचा फोटो काढून तो दाखवायला डॉक्टरांकडे जा, कारण तो दुसरा आजार असतो, त्याला लस नाही पण गोळ्यांनी बरा होतो.